मुंग्या हाताला, एमआरआय मानेचा: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात ओघात एक वाक्य लिहिलं होतं की हाताची दबलेली नस सोनोग्राफीवर बघता येते. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला, म्हणून हा सगळा भाग त्यालाच देतोय. नावं काढून टाकलीत आणि पत्रं थोडी आखूड केलीत.

कुडाळहून एक ताई विचारतात: माझी आई ५२ वर्षांची, काजूच्या कारखान्यात बी फोडायच्या मशीनवर बरीच वर्षं काम करते. रात्री दोन-तीनला दचकून उठते आणि अंथरुणात बसून हात झटकत राहते, म्हणते "हात मेल्यासारखो होता". अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं जास्त. मानेचा एमआरआय काढला, त्यात मणक्यात गॅप आणि गादी सरकलीये असं आलं, मानेला पट्टा लावला, ट्रॅक्शन घेतलं, वर्ष गेलं, काडीचा फरक नाही. आता दुसरे डॉक्टर म्हणतात मनगटाची सोनोग्राफी करा. घरचे म्हणतात सोनोग्राफी पोटाची असते, हाताची कसली? खरंच नस दिसते का हो?

उत्तर: दिसते ताई, आणि स्वच्छ दिसते. पण मशीनकडे जायच्या आधी तुम्हीच लिहिलेल्या तीन गोष्टी बघा. आई झोपेतून उठते, हात झटकला की जरा बरं वाटतं, आणि त्रास अंगठा, तर्जनी, मधलं बोट एवढ्यातच आहे, करंगळीचं तुम्ही नावही घेतलं नाहीये. हे वर्णन मनगटात मीडियन नर्व्ह दबल्याचं आहे, म्हणजे कार्पल टनेल. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांची एक खाच असते, तिच्यावर एक जाड पट्टा ताणलेला असतो, आणि त्या एवढ्याशा जागेतून बोटं वाकवणारे नऊ टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि ही एक नस असे दहा जण जातात. सतत मूठ आवळायचं काम करून टेंडनभोवतीचं आवरण सुजलं की जागा कमी पडते आणि चेपली जाते ती नस, कारण तीच सगळ्यात मऊ. झोपेत आपण मनगट दुमडून ठेवतो, दाब अजून वाढतो, म्हणून हे रात्रीचं उठणं.

मानेच्या एमआरआयचं म्हणाल तर चाळिशी ओलांडलेल्या, काहीही त्रास नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तरी त्यातल्या कितीतरी जणांत गादी थोडी सरकलेली दिसतेच, म्हणजे रिपोर्टमध्ये आलं म्हणून त्रासाचं कारण तेच असं ठरत नाही. मानेतून येणारी कळ बहुतेक वेळा मान मागे किंवा एका बाजूला नेली की वाढते आणि खांद्यावरून दंडातून खाली उतरते. कार्पल टनेलमध्ये अजून एक खूण असते जी कुणी विचारत नाही, बोटं बधिर असतात पण अंगठ्याच्या मुळाशी तळव्याची कातडी शाबूत असते, कारण तिथे जाणारी फांदी त्या खाचेतून न जाता वरून जाते. माझं ठाम मत आहे, आणि काही डॉक्टर मित्रांना ते आवडत नाही, की हाताच्या मुंग्यांसाठी मानेचा एमआरआय लिहिण्याआधी पेशंटचा हात हातात घेऊन एकेका बोटाला कापूस लावून बघायलाच हवं. पाच मिनिटांचं काम आहे, ते न झाल्यामुळे आपल्याकडच्या किती बायकांनी वर्षानुवर्षं मानेला पट्टे बांधलेत ते मी रोज बघतो आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो. दोन्हीकडे एकदम दबलेलं असू शकतं हेही खरं आहे, पण मग दोन्हीकडे बघायला नको का?

आता सोनोग्राफी. पोटाला लावतात तो प्रोब खोलवर बघणारा असतो, ३ ते ५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. नस मनगटात कातडीखाली अगदी वरवर असते, तिला सपाट तोंडाचा लिनिअर प्रोब लागतो, १२ ते १८ मेगाहर्ट्झचा. फ्रिक्वेन्सी वाढली की आवाजाची लाट खोल जात नाही पण बारकावा भरपूर मिळतो, आणि इथे खोल जायचंच नाहीये. हे काही कालपरवाचं खूळ नाही, १९९१ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी कार्पल टनेलमधली सुजलेली आणि पुढे चपटी झालेली नस सोनोग्राफीवर दाखवली होती, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नसा आणि स्नायूंच्या डॉक्टरांच्या संघटनेने सगळे अभ्यास तपासून या निदानासाठी नसेचं माप घेणं अचूक आहे असं लिहून दिलं.

करतात कसं ते सांगतो म्हणजे आईची भीती जाईल. पेशंट समोर बसतो, हात उशीवर, तळवा वर, बोटं सैल. भरपूर जेल घालायचं आणि प्रोब नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, दाबला की नस आपोआप चपटी होते आणि माप चुकतं. आडव्या छेदात नस मधाच्या पोळ्यासारखी दिसते, आत काळे काळे ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे आणि मधल्या पांढऱ्या रेषा म्हणजे त्यांची आवरणं. शेजारचे टेंडनही गोलच असतात त्यामुळे नवशिक्याचा तिथेच घोळ होतो. मग प्रोब किंचित तिरका करायचा, टेंडन पटकन काळे पडतात पण नस होती तशी राहते. आणि पेशंटला म्हणायचं ताई बोटं हलवा, की टेंडन सरसर मागेपुढे सरकायला लागतात आणि नस त्यामानाने जागेवर थांबते. स्क्रीन पेशंटकडे वळवून मी हे नेहमी दाखवतो, आपल्या हाताच्या आत काय चाललंय ते बघितल्यावर माणसाला पुढचे उपचार पटतात.

मग मनगटाच्या घडीशी, पिसिफॉर्म नावाच्या छोट्या हाडाच्या पातळीवर नसेच्या कडेने रेष काढून क्षेत्रफळ घ्यायचं. साधारण १० चौरस मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं की संशय, आणि १३-१४ आलं आणि लक्षणंही जुळली तर मग फारसा वाद उरत नाही. नस जिथे चेपली जाते तिथे ती चपटी होते आणि त्याच्या जरा अलीकडे, कोपराच्या बाजूला, फुगते, म्हणून माप तिथे घ्यायचं. चांगला डॉक्टर तिथेच थांबत नाही, तीच नस १२ सेंटिमीटर वर हातात मोजतो आणि दोन्हींची तुलना करतो, मनगटातलं माप १.४ पटीहून जास्त असेल तर अडकलंय मनगटातच. अंगाने बारीक बाई आणि आडवा बाप्या यांच्या नसा मुळात सारख्या नसतात, म्हणून ही तुलना मला जास्त भरवशाची वाटते. शुगर असलेल्यांच्या नसा सगळीकडेच थोड्या जाड असू शकतात, तिथेही ती उपयोगी पडते.

आणि ज्यासाठी मी या तपासणीच्या मागे लागतो ते हे की दबण्याचं कारण दिसतं. आत एखादी पाण्याची गाठ आहे का, संधिवातामुळे आवरण सुजलंय का, नस जन्मतः दोन भागांत फुटलेली आहे का, तिच्या मधून एखादी जास्तीची रक्तवाहिनी जातेय का. ऑपरेशन करणाऱ्याला हे आधी माहीत असलेलं कधीही बरं.

आईचं काय करायचं: थायरॉइड आणि शुगर तपासून घ्या, दोन्ही या आजाराच्या मागे लपलेले असतात. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावा, निदान सहा आठवडे रोज, मधे सोडायचा नाही. त्याने नाही भागलं तर सोनोग्राफीत बघून नसेच्या शेजारी स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. पण आज एक करा, आईचे दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवा आणि अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे तो बघा. एका बाजूला तो सपाट झाला असेल, किंवा बधिरपणा आता दिवसभर राहत असेल, हातातून बी सुटून पडत असेल, ब्लाउजचे हूक लावता येत नसतील, तर स्प्लिंटवर वेळ काढू नका, ऑपरेशनचं विचारा. बहुतेक ठिकाणी भागापुरती भूल देऊन होतं आणि त्याच दिवशी घरी सोडतात. रोजंदारीवरच्या बायका काम जाईल म्हणून हे दुखणं लपवतात, तुम्ही मुलगी म्हणून पुढे झालात ते फार चांगलं केलंत.

हर्णै बंदरावरून एक वाचक: वय ४६, स्वतःची बोट आहे. सहा महिने झाले उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर, जाळं ओढताना पकड सुटते, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली जागा खचल्यासारखी दिसते. एनसीव्ही केली, कोपरात नस दबलीये असं आलं. आता सर्जन म्हणतात सोनोग्राफी पण करा. एक टेस्ट झाली ना, मग दुसरी कशाला? सीझन बुडतोय इथे.

उत्तर: दादा, ती जागा खचली म्हणजे स्नायू सुकायला लागलाय, त्यामुळे सीझनपेक्षा हात आधी. चिडू नका, सर्जन बरोबर सांगतायत.

एनसीव्हीत छोटे छोटे शॉक देऊन नसेतून करंट किती वेगाने जातो ते मोजतात. हाताच्या नसेत तो सेकंदाला ५० मीटरच्या वर असतो, तुमचा कोपर ओलांडताना मंदावला, म्हणजे नस तिथे नीट काम करत नाहीये. पण का, ते करंट सांगत नाही. अल्नर नर्व्ह कोपराच्या आतल्या हाडामागच्या खोबणीतून जाते, तीच जी चुकून आपटली की करंगळीपर्यंत झिणझिणतं. सोनोग्राफी करताना प्रोब तिथे ठेवून पेशंटला हळूहळू कोपर दुमडायला सांगतात, आणि काही जणांची नस स्क्रीनवर चक्क हाडावरून उडी मारून पुढे येते आणि हात सरळ केला की परत मागे. दिवसातून शेकडो वेळा जाळं ओढताना हे होत असेल तर नस घासून घासून सुजते. काही धडधाकट माणसांचीही नस अशी सरकते, त्यामुळे नुसतं सरकणं म्हणजे आजार नाही, सुजलेली पण हवी. दुसऱ्या कुणाला तिथे जास्तीचा स्नायूच असतो, कुणाला सांध्यातून आलेली गाठ. नस नुसती मोकळी करायची की उचलून पुढे आणून ठेवायची हे सर्जनला यावरून ठरवायला मदत होते. एमआरआयमध्ये हात स्थिर ठेवावा लागतो, त्यात ही उडी कशी दिसणार?

अजून एक गोष्ट, ही मी मुद्दाम लिहितोय. नस कोपराच्या खोबणीत नाही तर त्याच्या थोडं वर लांबलचक जाड झालेली दिसली, तर आम्ही अंगावर कुठे फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा आहे का ते विचारतो. कुष्ठरोगात अल्नर नर्व्ह अशी सुजते. हा आजार आपल्याकडून गेलेला नाही, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, वेळेत घेतलं की पूर्ण बरा होतो, आणि त्यात पहिलं पाऊल गोळ्यांचं असतं, ऑपरेशनचं नाही. असा चट्टा असेल तर लाजून लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. नसेल तर उत्तमच. तोवर होडीच्या काठावर कोपर टेकून बसणं आणि हात दुमडून तासभर मोबाइल कानाला लावणं बंद, आणि रात्री कोपराभोवती टॉवेल गुंडाळून झोपा म्हणजे तो पूर्ण दुमडणार नाही.

राजापूरहून: मे महिन्यात हापूस उतरवताना भाऊ झाडावरून पडला, दंडाचं हाड मोडलं, प्लेट बसवली. तेव्हापासून मनगट वर उचलत नाही, हात लुळा लोंबतो. पाच आठवडे झाले. म्हणतात थांबा, येईल. आत प्लेट असताना सोनोग्राफीत काही दिसतं का?

उत्तर: दिसतं. एमआरआयमध्ये धातूच्या आजूबाजूचं चित्र फाटतं, सोनोग्राफीत नस प्लेटच्या वरून किंवा बाजूने जात असेल तर तिचा माग बराचसा काढता येतो. रेडियल नर्व्ह दंडाच्या हाडाला वळसा घालूनच खाली येते, त्यामुळे त्या हाडाच्या मोडण्यात ती सापडणं नेहमीचं आहे. बहुतेकांची नस नुसती ताणलेली किंवा मुकी झालेली असते आणि काही महिन्यांत आपोआप परत येते, त्या अर्थाने "थांबा" हे चूक नाही. पण कशासाठी थांबतोय ते माहीत पाहिजे की नको? नस अखंड आहे, की तुटलीये, की प्लेटखाली किंवा हाडाच्या तुकड्यात अडकलीये, हे सोनोग्राफीत पहिल्या दिवसापासून कळू शकतं. करंटच्या आणि स्नायूत सुई घालून करायच्या तपासणीत पूर्ण नुकसान आणि तात्पुरतं नुकसान यातला फरक कळायला जवळपास तीन आठवडे जावे लागतात. तुमचे पाच झालेत म्हणजे आता दोन्ही करून घ्यायला काहीच हरकत नाही.

एक प्रश्न सर्जनला नक्की विचारा, मनगट ऑपरेशनच्या आधीच पडलेलं होतं की नंतर पडलं? केसपेपरवर लिहिलेलं असेल. आधी हात उचलत होता आणि प्लेटनंतर थांबला असेल तर नस बघायची घाई जास्त. तुटलेली नस जोडल्यावर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, दंडापासून हातापर्यंतचं अंतर बघा म्हणजे उशीर का परवडत नाही ते कळेल. आणि सोनोग्राफी होईपर्यंत मनगट वर धरणारा स्प्लिंट लावाच, रोज दोन-तीनदा दुसऱ्या हाताने त्याची बोटं आणि मनगट पूर्ण सरळ करत जा, नाहीतर नस परत येईल आणि सांधे आखडलेले असतील.

मालवणहून एक वहिनी: आठवा महिना चालू आहे, दोन्ही हात सुजतात आणि रात्री मुंग्या. हाताची सोनोग्राफी बाळाला चालेल?

उत्तर: चालेल, त्यात एक्सरेसारखं रेडिएशन नसतं आणि प्रोब तर मनगटावर असतो. पण बहुतेक वेळा गरजच पडत नाही, शेवटच्या महिन्यांत अंगात पाणी साठतं त्याने हे होतं आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरतं. रात्री स्प्लिंट लावा. अंगठ्याची ताकद कमी वाटली तरच सोनोग्राफी, आणि तेव्हा ओळखपत्र आणि फॉर्म मागतील, गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. मात्र अचानक चेहरा सुजणं, डोकं दुखणं, डोळ्यापुढे अंधारी असं काही असेल तर ते हाताचं दुखणं समजू नका, त्याच दिवशी बीपी तपासा.

गुहागरहून एक शिक्षक: माझी एनसीव्ही नॉर्मल आली. पावसात मोटरसायकलवरून चिपळूणला जाऊन केली. त्रास तर आहेच. म्हणजे मनाचे खेळ का?

उत्तर: नाही सर, मनाचे खेळ कसले. सुरुवातीच्या, हलक्या कार्पल टनेलमध्ये ही टेस्ट नॉर्मल येऊ शकते आणि तशा काही जणांची नस सोनोग्राफीत सुजलेली सापडते. उलटंही होतं, सोनोग्राफी साफ आणि एनसीव्हीत दोष. दोन्ही नॉर्मल आणि लक्षणं अगदी नमुनेदार, असेही पेशंट असतात, त्यांना आम्ही स्प्लिंट देऊन बघतो. तुमच्या बाबतीत अजून एक विचारीन, भिजून गेल्यावर हात गरम करून टेस्ट केली का? गार हातात करंट मुळातच हळू जातो, त्यामुळे गार हातावर चुकून दोष दिसू शकतो. तुमचा तरीही नॉर्मल आला म्हणजे नसेचं मोठं नुकसान नाही, एवढा दिलासा घ्या आणि मनगटाची सोनोग्राफी करून घ्या.

देवगड तालुक्यातून एका मंडळाचे कार्यकर्ते: आमच्या गावात शिबिर घ्या ना, मशीन घेऊन या, चिरेखाणीवरच्या कामगारांचे हात बघा.

उत्तर: यायची इच्छा खूप आहे. पण गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा आहे, त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीन ठरलेल्या जागेवर नोंदवलेलं असतं, पोर्टेबल असलं तरी गाडीत टाकून गावोगाव फिरवता येत नाही, फक्त नोंदणी झालेल्या फिरत्या वैद्यकीय युनिटला ती मुभा आहे. हा कायदा मुलींचे जीव वाचवायला आलाय, त्यामुळे त्यातून पळवाट मी काढणार नाही. मशीनशिवाय मात्र येऊ शकतो. दगड कापायच्या मशीनचा हादरा दिवसभर हातात बसतो, त्या लोकांची बोटं, पकड, अंगठ्याचा स्नायू तपासायला कापूस आणि दहा मिनिटं पुरतात, त्यातून ज्यांना गरज आहे त्यांनाच सोनोग्राफीला पाठवू. तारीख पावसाळ्यानंतरची ठेवा, खाणी चालू असताना.

रत्नागिरीहून: सोनोग्राफी सेंटरला फोन केला तर म्हणाले हाताची करत नाही. काय विचारायचं नेमकं?

उत्तर: "हाताची सोनोग्राफी" म्हणू नका, ते गाठ किंवा रक्तवाहिनी समजतात. "मीडियन किंवा अल्नर नर्व्हची सोनोग्राफी करता का, हाय फ्रिक्वेन्सी लिनिअर प्रोब आहे का" असं विचारा. प्रोब बहुतेक सेंटरला असतो, थायरॉइड बघायला तोच वापरतात, प्रश्न नस बघायची सवय असलेल्या डॉक्टरचा असतो. सिंधुदुर्गातले लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला किंवा कोल्हापूरला जातातच, पण आधी जवळ विचारा, आता आपल्याकडची तरुण रेडिओलॉजिस्ट मंडळी हे शिकून येतायत. चिठ्ठीवर कुठली बोटं, किती महिने, कुठला हात हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि दोन्ही हात बघायला सांगा. रिपोर्टमध्ये नसेचं माप आकड्यात आणि कुठल्या पातळीवर घेतलं ते लिहिलेलं हवं. नुसतं "नस सुजलेली वाटते" एवढंच असेल तर परत जाऊन माप लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे.